गटाबाहेर

जानेवारी अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. रात्री दव गोठायचं आणि सकाळी बाकल्याच्या झाडांची पानं उकडल्यासारखी काळी पडलेली दिसायची. डोंगरावरून चाउपिलोमा गावाला येणारा पाट मनगटाएवढा बारीक झाला होता. खालच्या शेतांशी पोचता पोचता तोही मातीत जिरून जायचा.

झोइला लांचिंबा चुलीपुढं बसून गुळाच्या पाण्यात बार्लीचं पीठ कालवत होती. बाहेर उजाडायचं होतं. पाण्याच्या पाळीवर गेलेला तिचा नवरा सेगुंदो खोरं भिंतीला टेकवून आत आला आणि विस्तवापुढं बसला.

"पाय कोरडं हायेत तुमचं," झोइला म्हणाली.

"पानीच न्हाई तर भिजत्याल कशानं? वरपतोर जाऊन आलो. पाट सगळा मळ्याच्या तळ्यात वळवलाय. काठोकाठ भरलंय तळं. बदकं पवत्यात त्यात."

"बदकांना तरी बरं."

"बदकांना काय, पाळी लागत न्हाई."

सेगुंदोची पाठ त्याच मळ्यात गेली होती. गुलाबांवर फवारणीचे पाईप ओढून ओढून मणका सरकला, तेव्हा मळ्यानं त्याला घरी पाठवलं. आता तो गाय बघायचा, तुकडाभर शेत बघायचा आणि वाकून काही उचलायचं झालं की आधी इकडंतिकडं बघायचा, कुणी पाहत नाही ना म्हणून.

आतून मगाली आली. घरातली एकुलती एक पोर. कायांबे शहरातल्या संस्थेत कॉम्प्युटर शिकली आणि गेल्या पावसाळ्यात मळ्याच्या कचेरीत लागली. आई पॉलीहाऊसमध्ये फुलं कापायची, लेक कचेरीत फोन सांभाळायची. दोघी एकाच बसनं जायच्या. आई पुढच्या दारानं कामावर शिरायची, लेक मागच्या.

"बटाटं बांधल्यात," झोइला म्हणाली. "दुपारी खा. काल तसंच परत आनलंस."

"वेळच मिळाला नाही, आई. हंगाम आहे."

हंगामच होता. फेब्रुवारीत परदेशात प्रेमाचा कसला तरी सण असतो आणि त्या एका दिवसासाठी इथली सगळी गावं महिनाभर वाकलेली असतात.

मळ्यानं प्रत्येक कामकऱ्याला एक फोन दिला होता. वाफ्याच्या खांबावरच्या खुणेपुढं फोन धरायचा, कापलेल्या दांड्यांचा आकडा भरायचा, की कचेरीत कळायचं कुणी कुठं किती कापलं. फाटकातून आत येतानाही फोनच दाखवायचा. हिरवा दिवा लागला की आडवी दांडी फिरायची. फोन घरी न्यायची मुभा होती, घरच्यांशी बोलणं फुकट होतं, म्हणून बाया खूश होत्या. कंबरेच्या पट्ट्यात खोचून त्या तो देवळातसुद्धा न्यायच्या.

हे सगळे फोन मगालीच्या हाताखाली होते. तिनं त्यांचे गट पाडले होते. काढणीचा एक, फवारणीचा एक, बांधणीच्या शेडचा एक. गटाला एकदा नियम लावला की त्यातल्या सगळ्या फोनना तो लागायचा. कॅमेरा कुणाचा चालावा, कुणाचा नाही, कुणी कुणाला फोन लावावा, पासवर्ड कधी बदलावा, हरवला तर दुरूनच कोरा कसा करावा, सगळं ती खुर्चीवरून करायची. फोन कुठं आहे हे तिच्या पडद्यावर नकाशात ठिपका होऊन दिसायचं. सुरुवातीला तिनं काम सुटलं की ठिपके बंद होतील असं लावून ठेवलं होतं. डिसेंबरात दोनचार फोन हरवले, तेव्हा मळ्याचे इंजिनियर आर्तेता म्हणाले, ठिपके रात्रंदिवस चालू ठेव. तिनं ठेवले. बायांना हे कुणी सांगितलं नाही. त्यांनीही कुणी विचारलं नाही.

दुपारच्या सुट्टीत तिच्या खिडकीपुढं रांग लागायची. सगळ्यात जास्त खेपा त्रान्सितो इंबागोच्या. त्रान्सितो म्हणजे शेजारीण. मगालीच्या बाप्तिस्म्याला हिनंच तिला हातांवर धरलं होतं, म्हणजे धर्माची आई, पण मगाली तिला मावशे म्हणायची.

"ह्यो मेला पुन्हा पासवर्ड मागतोय गं."

"मावशे, गेल्या आठवड्यात सांगितला होता की."

"गेल्या आठवड्यात मी काय खाल्लं ते बी मला आठवत न्हाई. आमच्या म्हाताऱ्यानं एवढ्या येळा इचारलं असतं, तर मी त्याला घराभाईर काडला असता."

रांगेतल्या बाया हसल्या. मगालीनं फोन घेतला, पासवर्ड काढला, नवा टाकला. "तुझ्या गायीचं नाव टाकलंय आता. ते तरी विसरू नकोस."

"गाय इकली की गं," त्रान्सितो म्हणाली. "चारा कुटं हाय?"

शनिवारी संध्याकाळी डोंगरावर शंख वाजला. पंचायतीचा शंख वाजला की गावानं गोळा व्हायचं, ही रीत जुनी. रविवारी प्रार्थना आटपल्यावर सगळे गावाच्या सामायिक घरात जमले. हंगामापायी मगालीला कचेरीत आणि काही बायांना काढणीला रविवारीही बोलावलं होतं. झोइलाची मात्र सुट्टी होती. ती गेली.

पाणीपंचायतीचा म्होरक्या लिसांद्रो बोलायला उभा राहिला. तो बोलायला लागला की थांबायचा नाही. म्हातारे डुलक्या काढायला लागले. शेवटी त्रान्सितो मागून उठली.

"लिसांद्रो, तुजं अर्ज-बिर्ज ऱ्हाऊ दे. किती येळा दिलं तू अर्ज? मळा कशाला घाबरतो मला ठावं हाय. आता हंगाम हाय. फुलं एक दीस कापली न्हाईत तर उमलून जात्यात, मंग डुकरं बी खात न्हाईत. बुदवारी आपन बायांनी फाटकात बसायचं. आत जायचं न्हाई. पाटाचं दार उघडा, मंग कात्र्या हातात घिऊ."

मग झोइला म्हणाली, "मी बसते."

तिच्यामागून एकेक करून तिथं जमलेल्या मळ्यातल्या सगळ्या बाया बोलल्या. झोइलाचा फोन कंबरेला खोचलेला होता. सगळ्यांचेच होते.

सोमवारी सकाळी इंजिनियर आर्तेतांनी मगालीला आत बोलावलं. ते राजधानीतले, कीतोचे. आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मगाली, बस. काल तुमच्या गावात बैठक झाली म्हणे."

"मी इथं होते, साहेब."

"माहीत आहे मला. म्हणूनच तुझ्याशी मोकळेपणानं बोलतो. काल दुपारी सामायिक घराजवळ आपले कुठले फोन होते, तेवढे काढ. त्यांचा एक वेगळा गट कर."

"वेगळा गट कशाला, साहेब?"

"समजावून सांगायला. सगळ्यांशी बोलत बसलो तर फुलं कोण कापणार? मालक रोज विचारतात मला. मलाही कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं."

ते बाहेर विमानानं जायच्या मालाबद्दल फोनवर बोलायला गेले. काचेपलीकडं येरझाऱ्या घालताना दिसत होते. मगालीनं नकाशा उघडला, रविवार लावला. सामायिक घराच्या छपरावर ठिपक्यांचं मोहोळ बसलेलं होतं. तिनं एकेक नाव वाचलं. ओफेलिया. लिसांद्रोची सून. त्रान्सितो इंबागो. झोइला लांचिंबा.

फोन बिघडला की ती तो दुरून कोरा करायची आणि पुन्हा नव्यानं नोंदवायची. तसं केलं की मागचं सगळं जायचं, कुठं कुठं फिरला तेही. हंगामात असे फोन रोजच निघत. एखादा जास्त निघाला तर कुणी विचारणार नव्हतं.

तिनं आईचा फोन कोरा केला. छपरावरचा एक ठिपका गेला.

मग तिचं बोट त्रान्सितोच्या नावावर आलं. एक फोन बिघडू शकतो. एकाच दुपारी एकाच छपराखालचे दोन बिघडले, तर साहेब विचारतील. की नाही विचारणार? साहेब अजून फोनवरच होते. पाठ तिच्याकडं होती. ते फक्त समजावून सांगणार आहेत, ती मनाशी म्हणाली. मावशेला काय, दोन शब्द ऐकावे लागतील. मावशे उलट चार ऐकवेल. एवढ्यात साहेब वळले आणि तिनं बोट काढून घेतलं. खरं तर ते खिशातून रुमाल काढायला वळले होते. पुन्हा पाठ करून बराच वेळ बोलत राहिले. पण मगालीनं पुन्हा बोट ठेवलं नाही. तिनं गट केला आणि त्यांच्याकडं पाठवला.

तिकडं पॉलीहाऊसमध्ये झोइलाचा फोन हातातच काळा पडला आणि परत सुरू होऊन नाव विचारू लागला. "मेला," ती म्हणाली आणि शेजारच्या ओफेलियाकडून नाव टाकून घेतलं. हातमोज्याला काटे चिकटले होते. ती पुन्हा कापायला लागली.

मंगळवारी सकाळी फाटकाशी नेहमीसारखी रेटारेटी होती. धुकं खाली उतरलं होतं, माणसाच्या तोंडून वाफ येत होती. ओफेलियानं फोन दाखवला. दिवा लाल झाला. तिनं फोन शालीला पुसून परत दाखवला. पुन्हा लाल.

"बाजूला उभी ऱ्हा," रखवालदार म्हणाला.

लिसांद्रोची सून. लाल. आणखी एक, लाल. बाजूची रांग वाढत गेली. झोइलानं फोन पुढं केला, हिरवा दिवा लागला, दांडी फिरली आणि मागच्या रेट्यानं ती आत ढकलली गेली. तिच्यामागं त्रान्सितो होती. तिचा लाल.

झोइला दांडीपाशी थांबली. "काय झालं गं?"

"मला काय इचारतीस?" त्रान्सितो म्हणाली. तिनं स्वतःच्या फोनकडं बघितलं, मग झोइलाच्या. "तुजा बरा चालतोय."

बाजूला काढलेल्या बायांना आत घेतलंच नाही. कचेरीतून एक माणूस आला, त्यानं खोकं पुढं धरलं, बायांनी त्यात फोन आणि कात्र्या टाकल्या. हंगामी काम होतं, ते संपलं, एवढंच तो म्हणाला. कात्री टाकताना ओफेलियाच्या हातातून ती निसटून चिखलात पडली. तिनं वाकून उचलली, परकरानं स्वच्छ केली आणि मग खोक्यात ठेवली.

बुधवारी फाटकात कुणी बसलं नाही.

झोइला वाट बघत होती, आज आपल्याला बोलावतील, उद्या बोलावतील. कुणी बोलावलं नाही. उलट शेजारचे वाफेही तिच्याकडंच आले. दोन बायांचं काम ती एकटी ओढू लागली. प्लॅस्टिकच्या छपराखाली दुपारी भट्टी पेटायची. औषधाचा वास घशात बसायचा. संध्याकाळी मनगट सुजून बांगडीसारखं गोल व्हायचं.

त्याची तिला सवय होती. सवय नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. बसमध्ये ती बसली की शेजारची बाई उठून दांडीला धरून उभी राहायची. दुपारी शेडमध्ये तिनं फडकं सोडलं की बोलणी थांबायची. एकदा तिनं भाजलेला मका पुढं केला. एका पोरीनं घ्यायला हात काढला, तर तिच्या सासूनं तो हात धरून खाली घेतला.

"खाऊ नगं गं," सासू म्हणाली. "मळ्याचा मका हाय त्यो. लई म्हागात पडंल."

सेगुंदोची पाण्याची पाळी दोनदा कुणी सांगितलीच नाही. तो विचारायला गेला तर लिसांद्रो वडीलधाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "तुमाला कशाला पाळी, ताइता सेगुंदो? तुमच्या बायलेकींची वळख हाय की तळ्यावाल्याशी."

सेगुंदो घरी आला आणि बराच वेळ गायीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसला.

त्या संध्याकाळी मगाली कामावरून आली तेव्हा चुलीवर बटाटे शिजत होते. झोइला सोललेली सालं गोळा करत होती. खाली बघूनच तिनं विचारलं.

"त्या सगळ्या जनी तितं व्हत्या. मी बी व्हते. मीच पैली बोलले. मंग माजा दिवा हिरवा कसा?"

मगालीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"त्या सोमवारी माजा फोन मेल्यावानी झाला, मंग परत सुरू झाला. तू केलंस?"

"आई..."

"व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन."

"हो."

सेगुंदो कोपऱ्यातून उठायला लागला. पाठीत कळ आली तसा परत बसला. मगालीनं सगळं सांगितलं. ठिपके, छप्पर, गट. सांगताना ती भरभर बोलत होती, कचेरीत बोलतात तसं. "मला वाटलं ते नुसतं बोलावून समजावतील. मला माहीत नव्हतं काढून टाकतील."

"ठावं नव्हतं, तर मला कशापायी काडलंस?"

मगालीनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आन् त्रान्सितो? तिचं बी नाव वाचलंस?"

"वाचलं."

"येळ व्हता?"

मगाली रडायला लागली. झोइलानं बटाट्यांचं भांडं उतरवलं, पाणी गाळलं. वाफेनं दोघींची तोंडं ओली झाली.

"मला इचारायचं व्हतंस, पोरी. मी म्हनले असते, ऱ्हाऊ दे तितंच. चारचौघींत ऱ्हाऊ दे. आता मी ना तिकडची, ना हिकडची. जेव."

"भूक नाही."

"शिजवलंय. जेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी झोइला कामाच्या कपड्यांनिशी कचेरीत गेली. इंजिनियर आर्तेता खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत होते. पलीकडच्या टेबलाशी मगाली होती. झोइलानं तिच्याकडं बघितलं नाही.

"साहेब, त्या दिवशी बैठकीला मी बी व्हते. मला बी काढा."

साहेबांनी चिठ्ठी खाली ठेवली. "बाई, तुम्ही नव्हता."

"मी सांगते ना. व्हते."

"तुमचा फोन नव्हता तिथं. मी स्वतः पाहिलंय." ते हसले. हसणं वाईट नव्हतं, थकलेलं होतं. "समजतं मला. शेजारणी बोलत असतील, त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही आलात. पण यंत्र कुणाची बाजू घेत नाही. जा, फुलं उमलतायत."

झोइला उभीच राहिली. आणखी एक वाक्य बोललं की झालं असतं. फोन घरी राहिला होता म्हणावं, तर साहेब त्या रविवारचा माग काढायला सांगतील. काढतील तर मागचं काहीच निघणार नाही. मग ते पलीकडच्या टेबलाकडं बघतील. मगालीचे हात टेबलावर पडले होते, हलत नव्हते. झोइलाला ते दिसत होते, न बघताही.

तिनं पट्ट्यातून फोन काढला, खिशातून कात्री काढली आणि दोन्ही टेबलावर ठेवलं.

"मंग माजं मनगट दुखतंय म्हना," ती म्हणाली. "त्यापायी सोडते."

"ऐन हंगामात?"

"मनगटाला हंगाम कळत न्हाई, साहेब."

ती तशीच चालत निघाली. बसला वेळ होता आणि बसमध्ये बसायचंही नव्हतं. रस्त्यानं फुलांच्या गाड्या विमानतळाकडं धावत होत्या. त्यांच्या धुळीत तिनं शालीनं तोंड झाकून घेतलं. चढ संपला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. ती घरी गेली नाही. त्रान्सितोच्या अंगणात गेली.

त्रान्सितो उंबऱ्यावर बसून मका सोलत होती. तिनं आत ये म्हटलं नाही. झोइला उभ्यानंच बोलली. काही झाकलं नाही. फोन कंबरेला होते, तेच चुगली करत होते, हे सांगितलं. मगालीनं काय केलं आणि काय केलं नाही, तेही सांगितलं. त्रान्सितोचे हात थांबले नाहीत. दाणे टोपलीत पडत राहिले.

"म्हंजी माजं नाव बी तिच्या बोटाखाली आलं व्हतं."

"आलं व्हतं."

"आन् येळ व्हता."

"व्हता."

कणीस संपलं. त्रान्सितोनं दुसरं घेतलं.

"बाप्तिस्म्याला पानी घालताना लई रडली व्हती ती," ती म्हणाली. "पाद्री म्हनला, कुनाची गं पोर? मी म्हनलं, माजी."

झोइलानं उंबऱ्याशी पडलेला एक दाणा उचलून टोपलीत टाकला.

"मागच्या आठवड्यात मी पलीकडच्या मळ्यावर गेले व्हते कामाला. त्यांनी नाव घातलं त्यांच्या फोनात. म्हनले, तुला घेता येत न्हाई. तिसऱ्या मळ्यावर गेले, त्यांनी बी तेच. वरचं रान इकावं लागंल." ती एवढंच म्हणाली आणि मग वर बघितलं. "तू हे आनिक कुनाला सांगितलंस?"

"न्हाई. तुज्याकडंच आले पैली."

"गावाला सांगितलंस तर तू सुटशील. पोरगी आडकंल. तिला पुन्हा ह्या गावात कुनी पानी बी द्यायचं न्हाई. आन् साहेबाच्या कानावर गेलं तर तितली नोकरी बी जाईल. न्हाई सांगितलंस तर तू अशीच ऱ्हाशील. मी तुला काय बी सांगायची न्हाई, झोइला. तुजं तू ठरव."

"तू सांगशील?"

"माजी काय हौस न्हाई कुनाला काय सांगायची." तिनं टोपली उचलली आणि आत गेली. दार लावलं नाही, पण झोइलाही आत गेली नाही.

पाऊस शेवटी फेब्रुवारीच्या अखेरीला आला. तोवर हंगाम संपला होता, परदेशातला सण होऊन गेला होता. मळ्याचं तळं भरून वाहू लागलं, तसं त्यांनी स्वतःच पाटाचं दार उघडलं. वरून आलेल्या लोंढ्यानं पाट गाळानं भरला आणि शंख वाजला. दर घरानं एक माणूस द्यायचं, गाळ काढायचा. तेव्हा कामाला फोन आणू नका, चिखलात पडतील, असं त्रान्सितो घरोघरी सांगून आली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सेगुंदोला वाकता येत नव्हतं. झोइला गेली. मगालीचीही सुट्टी होती. झोइला नको म्हणत असताना ती खोरं घेऊन मागोमाग आली.

लिसांद्रो एकेकाला पाटाचा तुकडा वाटून देत होता. झोइलाशी आला आणि पुढं गेला. तिनं शेवटच्या तुकड्यापलीकडं, जिथं कुणीच नव्हतं तिथं खोरं मारायला सुरुवात केली. मगाली तिच्या शेजारी उभी राहिली. गाळ गुडघ्यापर्यंत होता, थंड, आणि प्रत्येक खोऱ्याला पाय रुतून बसायचे.

दुपारी कामं थांबली. मोठ्या पातेल्यात बटाट्याचं सार उकळत होतं. बाया वाडगी भरून पुढं देत होत्या. वाडगी दोघींना वळसा घालून जात होती.

"काय गं झोइला," ओफेलिया पातेल्यापासून मोठ्यानं म्हणाली, "मळ्यानं कामावरनं काढलं व्हय तुला? का काम झालं म्हून बक्षीस दिऊन घरी बसवलं?"

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "आता लेक करतीया की चाकरी. मायनं नावं सांगायची, लेकीनं टिपून घ्यायची. घरच्या घरीच कारभार."

मगालीनं खोरं खाली ठेवलं. तिचं तोंड उघडलं. त्याआधीच झोइला बोलली, कुणावर न ओरडता, भाजीचा भाव सांगावा तशी.

"मी सांगितली नावं. इंजिनियरसाहेबाला मीच सांगितली. पोरीला ठावं नव्हतं. ती त्या दिवशी कचेरीत व्हती, तिला ह्यातलं काय बी ठावं नव्हतं."

पातेल्याखालचं लाकूड तेवढं तडतडत होतं. मगालीनं आईकडं बघितलं. झोइलाची नजर अशी होती की मगालीचं उघडलेलं तोंड मिटलं. मग तिनं त्रान्सितोकडं बघितलं. त्रान्सितो पातेल्याशी उभी होती, हातात पळी होती. ती पळी तिनं साराच्या तळापर्यंत घातली आणि ढवळत राहिली.

ओफेलिया जमिनीवर थुंकली. "मुलं हायेत माजी तीन," ती म्हणाली.

लिसांद्रो टोपी काढून हातात फिरवत होता. "झोइला," तो म्हणाला, "तुज्या घरची पाळी ऱ्हाईल. सेगुंदो आजारी मानूस हाय, पोरगी नेनती हाय. पन तू पाटावर येऊ नगंस."

"बरं," झोइला म्हणाली.

तिनं खोऱ्याचा गाळ गवताला पुसला, खोरं खांद्यावर घेतलं आणि चढाला लागली. ओल्या परकराचा भार होता, चाल हळू होती. तिला कुणी हाक मारली नाही.

बायांनी जागा करून दिली. कुणीतरी मगालीचा दंड धरून तिला विस्तवापाशी आणलं. "तू कशाला रडतीस, बाई? तुजा काय दोष?" एक म्हातारी म्हणाली. त्रान्सितोनं एक वाडगं भरलं आणि दोन्ही हातांनी मगालीपुढं धरलं. तिच्या बोटांना बोटं लागली.

"खा," त्रान्सितो म्हणाली. "सगळी बघत्यात."

मगालीनं वाडगं तोंडाला लावलं. सार कढत होतं, जीभ पोळली. वाडगं संपेपर्यंत ती खात राहिली.